अडखळणारी मोटार आणि हमीची मुदत

वैद्यबुवा उंबरठ्यावर आले कीं इतका वेळ फणफणलेलें अंग निवतें, आणि ते वळणावर दिसेनासे झाले कीं पुन्हां हुडहुडी भरते, हा अनुभव नसलेलें घर विरळा. आयुर्वेदांत अशा येत्याजात्या तापास विषमज्वर म्हटलें असून अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक हे त्याचे भेद त्याच्या येण्याच्या वेळेवरूनच केलेले आहेत. दुखणें सतत असेल तर वैद्य नाडी धरून त्याची परीक्षा करूं शकतो. परंतु तें लपंडाव खेळूं लागलें म्हणजे घरच्या माणसांनीं ठेविलेल्या टिपणावांचून त्याची गति खुंटते. यंत्राच्या दुखण्याचेंही नेमकें असेंच आहे. सर्वस्वी बंद पडलेली मोटार दुरुस्त करणें त्या मानानें सोपें. जी दहा मैल नीट चालून अकराव्या मैलावर दोन आचके देते आणि पुन्हां साळसूदासारखी धांवूं लागते, ती मात्र कसलेल्या कारागिरासही चकविते.

आपल्यासारख्या घरांतून आतां मोटार ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. वडील मंडळींस डॉक्टरकडे नेणें, मुलांस परीक्षेच्या गांवीं पोंचविणें, लग्नकार्यास जाणें, हीं सर्व कामें तिच्यावर येऊन पडलेलीं आहेत. ती विकत घेतांना घरांतील दोनतीन मिळवत्या माणसांची बचत एकत्र केलेली असते, आणि विक्रेत्यानें दिलेलें हमीचें पुस्तक, ज्याला आबालवृद्ध वॉरंटीच म्हणतात, तें दागिन्यांच्या पावतीइतकें जपून ठेविलेलें असतें. परंतु त्या पुस्तकांत हमी आहे ती सिद्ध झालेल्या दोषाची. जो दोष कारागिरापुढें प्रकटच होत नाहीं, त्याची हमी कागदावरच राहते. आणि मुदत तर दिवसेंदिवस सरत असते. या पेंचांतून वाट कशी काढावी, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम इंजिन अडखळतें म्हणजे काय होतें तें पाहूं. आपल्याकडील मिस्त्री याला 'गाडी मिसिंग मारते' असें म्हणतात, आणि हा शब्द अगदीं यथार्थ आहे. पेट्रोलच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमध्यें दट्ट्याच्या दर चार फेऱ्यांस, म्हणजे मुख्य दांड्याच्या दर दोन प्रदक्षिणांस, एकदां ज्वलन होतें. दांडा मिनिटास ३००० वेळां फिरत असेल तर एका सिलिंडरमध्यें मिनिटास १५०० ज्वलनें होतात, सेकंदास २५. आणि चार सिलिंडर मिळून सेकंदास १००. या शंभरांतून चारदोन चुकलीं तरी बसणाऱ्याला धक्का जाणवतो, जसा तबल्याचा एक बोल चुकला तर सबंध बैठकीला कळतो.

ज्वलन कां चुकावें? चुलीचेंच उदाहरण घ्या. सरपण ओलें असेल, वारा लागत नसेल, किंवा काडीच पेटली नसेल, तर चूल पेटत नाहीं. इंजिनास हींच तीन कारणें लागू आहेत. इंधन कमी पडावें किंवा बिघडलेलें असावें: यांत टाकींतील पंप, गाळणी आणि पेट्रोलचा फवारा उडविणारा इंजेक्टर येतात. हवेचें माप चुकावें: साधारणपणें एक भाग शुद्ध पेट्रोलास वजनानें १४.७ भाग हवा लागते, आणि तें प्रमाण राखणारीं ज्ञानेंद्रियें, ज्यांस सेन्सर म्हणतात, तीं खोटी साक्ष देऊं लागलीं कीं माप बिघडतें. किंवा ठिणगी न पडावी: बॅटरीचा बारा व्होल्टांचा दाब वाढवून वीसतीस हजार व्होल्टांवर नेणारी कॉइल, तिच्या खालची रबराची टोपी आणि तिच्या टोंकाचा प्लग, या सांखळींतील कोणताही दुवा कच्चा असला कीं ठिणगी विझते. यांशिवाय दट्ट्याच्या कड्यांतून किंवा व्हॉल्व्हमधून दाब निसटणें हें चौथें कारण आहे. परंतु तो दोष बहुधा सततचा असतो, येताजाता नसतो. आमच्या मतें येत्याजात्या दोषांत दहांपैकीं बहुतेक वेळां संशय विजेच्या जोडावरच घ्यावा. दांडा वांकला तर तो वांकलेलाच राहतो; सैल झालेली तार मात्र कधीं चिकटते, कधीं सुटते.

कोणी म्हणेल, हल्लींच्या गाडींत संगणक असतो, तो सगळें सांगतो. सांगतो खरा, पण विचारलें तेवढेंच, आणि तेंही स्वतःच्या नियमाप्रमाणें. भारत स्टेज सहाचे नियम १ एप्रिल २०२० पासून आणि त्यांचा पुढील टप्पा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यामुळें गाडीचा संगणक धुरावर व चुकलेल्या ज्वलनांवर पूर्वींपेक्षां अधिक बारकाईनें लक्ष ठेवतो. परंतु त्याची मोजणी ठराविक प्रदक्षिणांच्या गटानें चालते. एका गटांत मर्यादेहून अधिक ज्वलनें चुकलीं तरच तो दखल घेतो. आणि बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत आढळल्याखेरीज समोरचा पिवळा दिवा लावीत नाहीं. एकदांच आढळलेला दोष त्याच्याजवळ कच्च्या नोंदीच्या रूपानें पडून राहतो आणि पुढील कांहीं फेऱ्या निर्दोष झाल्या कीं पुसला जातो. सबब 'स्कॅनरला कोड नाहीं' याचा अर्थ 'दोष नाहीं' असा होत नाहीं. एक गोष्ट मात्र घरांतील प्रत्येक चालकानें ध्यानांत ठेवावी. तो पिवळा दिवा स्थिर न राहतां उघडझांप करूं लागला, तर पाय सैल सोडून गाडी शक्य तितक्या लवकर बाजूस घ्यावी. न जळलेलें पेट्रोल धुराड्यांतील शुद्धियंत्रांत जाऊन पेटतें आणि तें महागडें यंत्र थोडक्या वेळांत जळून निकामी होतें.

आतां आमच्या घरांतील प्रसंग सांगतों. विक्रेत्याचें व कंपनीचें नांव येथें देत नाहीं. कोणावर ठपका ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं.

रेवदंडा हें गांव कुंडलिकेच्या मुखावर वसलेलें आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस खाडी, खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला, आणि गांवाभोंवतीं पोर्तुगीजांच्या कोटाची पडकी तटबंदी. जवळचें चौल बंदर एके काळीं इतकें गाजलेलें होतें कीं पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी या किनाऱ्यावर उतरला. त्याचें स्मारक रेवदंड्यास आहे. नारळीपोफळीच्या वाड्यांतील हें गांव डोळ्यांस कितीही निववीत असलें तरी लोखंड व तांबें यांस मात्र तें मानवत नाहीं. खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतात, आणि देव्हाऱ्यांतील निरांजन आठ दिवस घासलें नाहीं तर हिरवें पडूं लागतें.

अशा गांवांत वाडींतल्या पडवीशेजारीं आमची मोटार उभी असते. जेमतेम दीड वर्ष वापरलेली ती गाडी ज्येष्ठ महिन्यापासून मधूनच अडखळूं लागली. आमच्या थोरल्या काकांस हृदयाच्या विकारासाठीं अलिबागेस वरचेवर न्यावें लागतें. एके पहाटे त्यांस छातींत दुखूं लागलें म्हणून नेत असतां चौलच्या चढावर गाडीनें लागोपाठ आचके दिले आणि मागून आलेली मालमोटार अगदीं अंगावर आली. निभावलें, परंतु त्या दिवसापासून काकू त्या गाडींत बसतांना देवाचें नांव घेऊं लागल्या, आणि घरांत हा प्रश्न पेट्रोलच्या खर्चाचा न राहतां जिवाचा झाला.

वर्कशॉपमध्यें गाडी तीन वेळां नेली. पहिल्या वेळीं स्कॅनर लावून 'दोष आढळला नाहीं' असा शेरा मिळाला. दुसऱ्या वेळीं हवेची झडप साफ करून दिली. तिसऱ्या वेळीं काउंटरवरील तरुण अत्यंत आदरानें म्हणाला, "काका, गाडी एकदम ओके आहे. पेट्रोलचा प्रॉब्लेम असेल. हल्लीं इथेनॉल घालतात ना!"

या इथेनॉलविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण अलीकडे मोटारीच्या प्रत्येक दुखण्याचें खापर त्याच्यावर फोडण्याची रीत पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आपल्या देशांत फेब्रुवारी २०२३ पासून विकण्यास सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत तें बहुतेक सर्वत्र झालें. इथेनॉलमध्यें पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश उष्णता असते, म्हणून गाडी लिटरमागें कांहींसें कमी अंतर कापते. जुन्या धर्तीच्या चारचाकींत ही घट सहासात टक्के असावी असा अंदाज नीति आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांत दिलेला आहे. इथेनॉलास पाण्याची ओढही आहे. थोडें पाणी तें आपल्यांत सामावून घेतें. पण पाणी फार झालें कीं तें पेट्रोलास सोडून पाण्यासह टाकीच्या तळाशीं बसतें, आणि पंप तळाचेंच शोषून घेत असल्यानें इंजिन अडखळतें. म्हणजे त्या तरुणाचें म्हणणें अशक्य कोटींतलें नव्हतें. परंतु शक्य असणें निराळें आणि घडलेलें असणें निराळें; मधला पूल पुराव्याचा असतो.

तो पुरावा गोळा करण्याचें काम आमच्या वहिनींनीं हातीं घेतलें. दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारीं त्यांनीं मोटारीची वही टांगली. गाडी जो नेईल त्यानें परत येतांच तींत लिहावें: तारीख, निघण्याची वेळ, इंजिन थंड होतें कीं तापलेलें, आदल्या रात्रीं पाऊस होता कीं दंव, माणसें किती, पेट्रोल कोठलें व केव्हां भरलें, आचका नेमका कोठें आला, त्या वेळीं रस्ता चढाचा कीं सपाट, वातानुकूलन चालूं कीं बंद. आचका न आल्यास तसेंही लिहावें, असा त्यांचा कटाक्ष होता, आणि तोच या वहीचा प्राण ठरला. आजारपणाच्या तक्त्यावर ताप नसलेल्या वेळाही मांडल्या जातात, त्याशिवाय तापाची चाल उमगत नाहीं. एकत्र कुटुंबांत एकाच गाडीचे पांच चालक असतात, ही एरवीं भांडणाची बाब. येथें मात्र ती उपयोगी पडली. थोरले बंधु हलक्या पायानें हांकतात, पुतण्या अंमळ दाबून. आचका दोघांसही येई. म्हणजे दोष हांकणाराचा नव्हे, हें आधींच निकालांत निघालें.

दीड महिन्यानें वही घेऊन सर्वजण ओसरीवर बसलों. आचका बहुतेक नेहमीं पहाटे किंवा सकाळच्या पहिल्या फेरींत येत होता, आणि तोही निघाल्यापासून पावएक तासाच्या आंत. आदली रात्र पावसाची किंवा दमट असे. दुपारीं, इंजिन तापलेलें असतां, तो एकदांही आलेला नव्हता. उभ्या गाडींत इंजिन नुसतें घुरत असतां तो येत नसे. साळावच्या पुलावर वरच्या गिअरमध्यें चढतांना किंवा भरल्या गाडीनें एकदम वेग घेतांना येई. आणि पितृपक्षांत पुण्यास पांच दिवस मुक्काम झाला तेव्हां तो मुळींच आला नाहीं, जरी टाकींत पेट्रोल होतें तें अलिबागेस भरलेलेंच, आणि त्याच पेट्रोलावर निघण्याच्या पहाटे चौलपाशीं गाडी अडखळली होती.

शेवटच्या नोंदीनें पेट्रोल निर्दोष सुटलें. तेंच इंधन किनाऱ्यावर अडखळवितें आणि घाटमाथ्यावर अडखळवीत नाहीं, असें होऊं शकत नाहीं. कॉइल तापून आंतली तार सुटत असती, तर दोष दुपारीं दिसता, पहाटे दिसता ना. तेव्हां संशय ओलाव्यावर आला. पण ओलावा कोठें? येथें आमची पुतणी, जी भौतिकशास्त्र शिकते, तिनें वाट दाखविली. चढावर पाय दाबला कीं सिलिंडरमध्यें अधिक हवा कोंबली जाते, आणि दाट वायूंतून ठिणगी उडविण्यास अधिक व्होल्ट लागतात. विजेला मग सोपी आडवाट मिळाली तर ती प्लगच्या फटींतून उडी न मारतां त्या आडवाटेनें निसटते. ओल्या रबरावरून इंजिनाच्या धातूंत जाणें ही तशीच आडवाट. आणि तें पाणी खारें असलें तर वाट अधिकच सोपी, कारण शुद्ध पाणी विजेस फारसें नेत नाहीं, खारें पाणी नेतें. इंजिन तापलें कीं ओल सुकते आणि आडवाट बंद होते. पहाट, ओल, चढ, या तिन्ही खुणा एका कारणांत बसल्या.

आणि वर्कशॉपला दोष कां दिसत नव्हता, तेंही त्याबरोबरच उलगडलें. रेवदंड्याहून अलिबाग सतराअठरा किलोमीटर. गाडी तेथें पोंचे ती तापलेली, सुकलेली. ते लोक खोटें बोलत नव्हते. त्यांच्या दारांत गाडी खरोखरच निरोगी असे.

अलिबागेचा उल्लेख आला म्हणून थोडें विषयांतर करतों. तेथील भूचुंबकीय वेधशाळा आमच्या जिल्ह्याचें भूषण आहे, आणि ती तेथें आली ती याच जातीच्या अडचणीमुळें. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालूं होत्या. शहरांत विजेच्या ट्राम येणार असें ठरतांच, त्यांच्या प्रवाहानें नाजुक सुया विचलित होतील हें डॉ. नानाभाई मूस यांनीं ओळखलें. ट्राम प्रत्यक्ष चालूं झाली १९०७ सालीं; परंतु अलिबागेंत १९०४ सालींच नवी वेधशाळा उभी राहिली, तीही लोखंड वर्ज्य करून आणि चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरून. आणि जुनें लगेच मोडून न टाकतां १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, म्हणजे फरक पडला तर तो जागेचा कीं निसर्गाचा हें सांगतां यावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्या, हा या शहाणपणाचा गाभा. मोटारीच्या दुरुस्तींत नेमकें याच्या उलट चालतें: प्लग, गाळणी, झडप सगळें एकदम बदलतात, गाडी चार दिवस बरी चालते, आणि कशानें बरी झाली तें कोणासच कळत नाहीं.

आमच्या पुतण्याचा हात बॉनेटकडे वळूं लागला होता, तो वडिलांनीं वेळींच थांबविला. हमीच्या मुदतींत घरीं किंवा बाहेरच्या मिस्त्रीकडून जोड उघडले, तर पुढें त्याच गोष्टीकडे बोट दाखवून हक्क नाकारला जाण्याचा संभव असतो. पाहावें, लिहावें, छायाचित्र घ्यावें. उघडावें मात्र त्यांनींच.

म्हणून वहीच्या पानांच्या छायाचित्रांसह कंपनीच्या ग्राहक विभागास पत्र पाठविलें. त्यांत नवी गाडी मागितली नाहीं, रागाचे शब्द लिहिले नाहींत. एवढीच विनंती केली कीं गाडी एक रात्र रेवदंड्यास उघड्यावर उभी असतां पहाटे आपला कारागीर स्कॅनर घेऊन तींत बसावा, आणि साळावच्या पुलावरून ती त्यानें स्वतः हांकावी. प्रथम नकार आला, दुसऱ्या पत्रानंतर होकार. मुदत सरण्यास तेव्हां पांच आठवडे उरले होते.

कारागीर आला तो विशीपंचविशीचा, मितभाषी मुलगा. काकूंनीं दिलेला चहा त्यानें उभ्यानेंच घेतला. दंव पडलेलें होतें. स्कॅनरमध्यें त्यानें कोड पाहण्याऐवजीं प्रत्येक सिलिंडरच्या चुकलेल्या ज्वलनांची चालती मोजणी उघडली. ही सोय यंत्रांत पूर्वींही होती, पण काउंटरवर ती कोणी उघडली नव्हती. पुलाच्या चढावर गाडी अडखळली आणि तिसऱ्या सिलिंडरचा आंकडा भराभर चढूं लागला. बाकीचे तीन शून्यावर. परत येऊन त्यानें तिसऱ्याची कॉइल टोपीसकट काढून पहिल्यावर बसविली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. दुसरें कांहीं बदललें नाहीं. दुसऱ्या पहाटे आंकडा चढला तो पहिल्या सिलिंडरचा. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता. तो प्लगचा, इंजेक्टरचा किंवा दाबाचा असता तर तिसऱ्यापाशींच राहता. या साध्या अदलाबदलीस दहा मिनिटें लागलीं, आणि तीन महिन्यांच्या वादाचा निकाल लागला.

भिंगानें पाहिलें तेव्हां रबराच्या टोपीवर केसाएवढी बारीक चीर आणि तिच्या कडेनें कोळशाच्या पेन्सिलीनें ओढावी तशी काळी रेघ दिसली. वीज निसटून निसटून ती रेघ भाजलेली होती. टोपीची वरची कड नीट बसत नसल्यानें प्लगच्या खळग्यांत ओल शिरत होती. तळाशीं तांबुस वर्तुळ उमटलें होतें.

परंतु प्रकरण संपलें नाहीं. कॉइल मागविण्याच्या वेळीं वर्कशॉपच्या अधिकाऱ्यानें हमीपुस्तकाचें एक पान पुढें केलें. खारी हवा, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक इत्यादि बाह्य कारणांनीं झालेला बिघाड हमींत येत नाहीं, असें त्यांत होतें. थोरले बंधु वकिली करीत नाहींत, पण त्यांचें उत्तर वकिलास शोभणारें होतें. त्यांनीं विचारलें कीं चारही कॉइली त्याच हवेंत तितकेच दिवस राहिल्या; मग तीन शाबूत आणि एकच चिरलेली, हें हवेचें काम कीं घडणीचें? आणि गाडीच्या बिलावर पत्ता रेवदंड्याचा आहे; गाडी समुद्रकांठीं राहणार हें विकतांना ठाऊक होतें कीं नाहीं? शिवाय तें कलम पुस्तकांत रंग व पत्र्याच्या प्रकरणाखालीं छापलेलें होतें, विजेच्या भागांखालीं नव्हे. दोन दिवसांनीं कॉइल, टोपी आणि खबरदारी म्हणून चारही प्लग विनामूल्य बदलून मिळाले. त्यानंतरचा सबंध पावसाळा गाडीनें एकही आचका दिलेला नाहीं, आणि काकांची अलिबागची वारी सुरळीत चालूं आहे.

सर्वांस इतक्या सलोख्यानें न्याय मिळेलच असें नाहीं, म्हणून कायद्याची बाजूही ठाऊक असलेली बरी. पुष्कळांची समजूत असते कीं हमींत दोष निघाला म्हणजे नवी गाडी मिळावी. तसें नाहीं. मारुति उद्योगाच्या एका खटल्यांत २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं हमीच्या शर्तींत सदोष भाग दुरुस्त करण्याचें किंवा बदलण्याचें वचन असेल तर ग्राहकाचा हक्क तेवढाच. त्या प्रकरणांत क्लचच्या दोषासाठीं सबंध गाडी बदलून देण्याचा हुकूम न्यायालयानें कायम ठेविला नाहीं. यावरून मागणी बेताची आणि नेमकी असावी, हें उघड आहे. 'गाडी खराब आहे' या तक्रारीपेक्षां 'तिसऱ्या सिलिंडरची कॉइल सदोष आहे' ही तक्रार शतपटीनें बळकट.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्यांतील आयोगाकडे जातां येतें. विक्रेता मुंबईचा कीं पुण्याचा याचें बंधन नाहीं. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागेस बसतो. वस्तूसाठीं दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग ती तक्रार ऐकतो, आणि पांच ते दहा लाखांच्या गाडीस अर्जाचें शुल्क अवघें २०० रुपये आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज केला पाहिजे. ज्या दोषाची परीक्षा यंत्राखेरीज होत नाहीं, त्यासाठीं आयोग वस्तु योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवूं शकतो. मात्र तपासणीचा खर्च प्रथम तक्रारदारानें भरावा लागतो. आयोगाकडे जाण्यापूर्वीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेस कळवून पाहावें. पुष्कळ कंपन्या त्या पायरीवरच नमतें घेतात.

या सर्वांत कागद हाच साक्षीदार. गाडी वर्कशॉपांत देतांना जॉबकार्डावर आपले शब्द आपल्या समोर लिहवून घ्यावे. 'जनरल चेकअप' असें लिहूं देऊं नये. 'पहाटे थंड इंजिनावर चढाला आचके येतात' असें लिहवावें. परत घेतांना कांहीं सांपडलें नाहीं म्हणाले तर तोही शेरा तारखेसह मागून घ्यावा, कारण मुदतींत दोष कळविला होता याचा पुरावा तोच. दोष मुदतींत नोंदलेला असूनही दुरुस्ती मुदतीनंतर झाली, तर हा कागद कामास येतो. बदललेला जुना भाग पाहण्यास मागावा आणि त्याचें छायाचित्र ठेवावें. नव्या भागाची हमी बहुधा मूळ मुदतीच्या उरलेल्या दिवसांपुरतीच असते. ती किती, हें बिलावर लिहवून घ्यावें.

समुद्रकांठच्या वाचकांसाठीं एक शेवटची सूचना. सर्व्हिसिंगच्या वेळीं इंजिनावर पाण्याचा जोराचा फवारा मारूं देऊं नये. बॉनेट उघडल्यावर इंजिन काळवंडलेलें दिसलें कीं कामगारास तें धुण्याचा मोह होतो, आणि धुतलेलें पाणी प्लगच्या खळग्यांत महिना महिना बसून राहतें. कोरड्या फडक्यानें पुसावें, आणि तसें जॉबकार्डावर लिहून द्यावें. आमच्या वहिनींनीं वहीच्या पहिल्या पानावर हें तांबड्या शाईनें लिहून ठेविलें आहे. मोटार बरी झाली तरी ती वही दुधाच्या वहीशेजारींच टांगलेली असून तींत हल्लीं टायरच्या हवेची नोंद होते.